पंख्याचा हिशेब : लहान विमानांच्या इतिहासातील एक उपेक्षित कसोटी

प्रास्ताविक

भोपाळचा विमानविद्येशी आलेला संबंध तसा जुना आहे. १९३७ साली टाटांच्या विमान कंपनीने मुंबई ते दिल्ली सेवा सुरू केली तेव्हा इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर हे त्या मार्गावरील थांबे होते. भोपाळ संस्थानच्या राजकन्या आबिदा सुलतान यांनी १९४२ मध्ये विमान चालविण्याचा परवाना मिळविला. त्याआधी १९३६ मध्ये उर्दूतील प्रसिद्ध कथालेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी लाहोर येथे असाच परवाना घेतला होता. ही नावे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र एक गोष्ट लक्षात येते. विमान चालविणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे थोडाफार लिहिला गेला. विमान कोणत्या बळावर पुढे जाते, ते बळ कोणी मोजले आणि कसे मोजले, याचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही.

मराठीत पंख आणि पंखा या दोन शब्दांत एका कान्याचे अंतर आहे. पंख विमानाला वर उचलतात. पंखा, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर फिरणारा प्रोपेलर, विमानाला पुढे ओढतो किंवा ढकलतो. पंखांविषयी कवींनी आणि इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पंखा मात्र कारागिराच्या वाट्याला गेला. प्रस्तुत लेखात लहान, विशेषतः घरगुती प्रयत्नांतून बांधलेल्या विमानांच्या पंख्याची निवड आणि चाचणी यांचा संक्षिप्त इतिहास मांडला आहे. त्याच्या आधारे एक विचार अध्यापक वाचकांपुढे ठेवायचा आहे : उड्डाणाचा कोणताही दावा समोर आला, मग तो कोणत्याही समाजाचा वा काळाचा असो, तर अभ्यासकाने सर्वप्रथम पंख्याचा हिशेब मागावा.

१. निवड का करावी लागते?

पंखा ही सुटी विकत घेऊन कोणत्याही इंजिनाला जोडता येईल अशी वस्तू नाही. त्याची दोन मापे महत्त्वाची असतात. पहिले माप व्यास. दुसरे माप पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जितका आत जातो, तितकाच हवेत पंखा एका फेऱ्यात पुढे सरकेल असे मानले, तर त्या अंतराला पिच म्हणतात. ४८ इंच पिचचा पंखा मिनिटाला २५०० फेरे घेत असेल तर कागदावर त्याचा पुढे जाण्याचा वेग ताशी सुमारे १८३ किलोमीटर येतो. हवा लाकडासारखी घट्ट नसल्याने प्रत्यक्षात गाठला जाणारा वेग यापेक्षा निराळा असतो.

मोठ्या व्यासाचा पंखा पुष्कळ हवा हळूहळू मागे लोटतो. लहान पंख्याला थोडी हवा जोराने लोटावी लागते. इंजिनाची शक्ती सारखीच असेल तर कमी वेगाच्या विमानासाठी पहिला प्रकार किफायतशीर ठरतो. मग सर्वांनीच मोठे पंखे का लावू नयेत? याचे कारण पात्याच्या टोकाचा वेग. टोक ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरजवळ जाऊ लागले की आवाज वाढतो आणि शक्ती वाया जाते. आज लहान विमानांत सर्रास वापरले जाणारे रोटॅक्स ९१२ हे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरते. १.७ मीटर व्यासाचा पंखा त्याच्या दांड्याला सरळ जोडला तर टोकाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर जाईल. म्हणून मध्ये गिअर घालून पंख्याचे फेरे कमी केले जातात. २.२७ पट कमी केल्यावर तोच वेग सुमारे २२७ मीटर होतो. थोडक्यात, इंजिन, गिअर, व्यास, पिच आणि विमानाचा अपेक्षित वेग या पाच गोष्टींचा मेळ घालणे म्हणजे पंख्याची निवड होय. त्यांतील एक बदलली की बाकीच्या पुन्हा तपासाव्या लागतात.

२. राइट बंधूंची वही

हा मेळ प्रथम यशस्वीपणे घालणारे राइट बंधू सायकलीचे दुकान चालवीत होते, हे सर्वांना ठाऊक आहे. १९०३ च्या प्रारंभी त्यांची अशी समजूत होती की जहाजाच्या पंख्याचे शास्त्र तयारच असेल आणि ते विमानाला लावता येईल. शोध घेतल्यावर त्यांना कळले की जहाजांचे पंखे बहुतांशी अनुभवावरून घडविले जात होते; त्यांच्या कामी येईल असा हिशेब उपलब्ध नव्हता. तेव्हा दोघा भावांनी वहीत आकडेमोड सुरू केली. त्यांनी विचार केला तो असा : पंख्याचे पाते म्हणजे गोल गोल फिरत पुढे जाणारा पंखच. आणि पंखाचे गुणधर्म त्यांनी १९०१ मध्ये स्वतः बनविलेल्या वाताच्या बोगद्यात मोजलेले होते. ते आकडे आता उपयोगी पडले.

त्यांचे इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते. म्हणून त्यांनी सुमारे साडेआठ फूट व्यासाचे दोन लाकडी पंखे घेतले आणि सायकलीसारख्या साखळीने त्यांचे फेरे कमी करून मिनिटाला सुमारे ३५० वर आणले. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरत, त्यामुळे विमान एका बाजूला वळण्याचा धोका टळला. नोव्हेंबर १९०३ मध्ये त्यांनी विमान जागेवर ठेवून पंख्यांचा रेटा मोजला. तो १३२ ते १३६ पौंड भरला. त्यांच्या हिशेबाने उड्डाणाला जेवढा रेटा हवा होता त्यापेक्षा हा आकडा बराच वर होता. म्हणजे १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडण्यापूर्वीच, ते उडेल असे मानण्यास त्यांच्याजवळ मोजलेला आधार होता. त्याच दिवसांत पंख्याचे दांडे तडकले, नवे करावे लागले आणि या सर्व अडचणींच्या नोंदीही त्यांनी ठेवल्या. सुमारे शंभर वर्षांनंतर त्या पंख्यांच्या हुबेहूब प्रतिकृती अमेरिकेत मोठ्या वातबोगद्यात तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांची कार्यक्षमता ७५ टक्के वा त्याहून अधिक आढळली. वहीतील आकडा शतकानंतरही तपासता आला. लेखी मोजमापाचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा स्पष्टपणे कोठे दिसणार?

पुढे हे काम संस्थांच्या हाती गेले. विल्यम ड्युरँड यांनी १९१६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात लाकडी पंख्यांच्या नमुन्यांची पद्धतशीर चाचणी केली. एका वेळी एकच माप बदलायचे, बाकीची तशीच ठेवायची, असा त्यांचा क्रम होता. १९२७ मध्ये अमेरिकेतील लँगली येथे पूर्ण आकाराचे पंखे तपासण्यासाठी २० फूट व्यासाचा बोगदा सुरू झाला.

३. घरी बांधलेले विमान आणि चाचणीचा क्रम

विमान घरी बांधण्याची हौस तितकीच जुनी आहे. फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये अगदी लहान विमान बनविले आणि पुढच्याच वर्षी ते कसे बांधावे याचे पुस्तक काढले. ज्याला पेटी ठोकता येते त्याला हे विमान बांधता येईल, अशी त्यांची भूमिका होती. युरोपभर शेकडो लोकांनी ते बांधावयास घेतले. १९३५-३६ मध्ये जीवघेणे अपघात होऊ लागले. तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्समध्ये ते पूर्ण विमान मोठ्या वातबोगद्यात ठेवून तपासले गेले. पुढच्या व मागच्या पंखांच्या रचनेमुळे विमान एकदा खाली सूर मारू लागले की ते सावरता येत नाही, हे तेथे सिद्ध झाले. दोष हौसेचा नव्हता. चाचणी उशिरा झाली हा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५३ मध्ये, अमेरिकेत घरगुती विमाने बांधणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडू लागला.

लहान विमान बांधणाऱ्याने पंख्याची चाचणी कोणत्या क्रमाने करावी, याची रीत आता बरीच ठरलेली आहे. पंखा प्रथम आडव्या दांडीवर तोलून पाहतात. एक पाते जड असेल तर हलक्या पात्याला वार्निशचा हात देऊन तोल साधतात. इंजिनाला जोडल्यावर दोन्ही टोके एकाच रेषेतून जातात की नाही ते पाहतात. लाकडी पंख्यात साधारण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक चालत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणून ऋतू बदलला की बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. आपल्याकडच्या हवामानात या सूचनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

त्यानंतर विमान जमिनीला पक्के बांधून, चाकांना अडसर लावून, इंजिन पूर्ण जोरात चालवितात आणि दोन आकडे लिहून घेतात. पहिला आकडा मिनिटाचे फेरे. इंजिनाच्या ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा ते फारच कमी भरले तर पंखा इंजिनाला जड होत आहे, म्हणजे पिच अधिक आहे. जागेवरच फेरे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर पंखा हलका आहे आणि हवेत इंजिन बेफाम फिरण्याचा धोका आहे. दुसरा आकडा रेटा. शेपटीला दोर बांधून मध्ये ताणकाटा लावला की तो कळतो. या वेळी पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये, हा पहिला नियम.

मात्र जागेवरचा रेटा हे अंतिम सत्य नव्हे. जो पंखा उभ्या विमानाला जोराने ओढतो तो वेगाने उडताना निष्प्रभ ठरू शकतो, कारण विमान पुढे जाऊ लागले की पात्यावर हवा वेगळ्या कोनातून येते. कमी पिचचा पंखा चढाईला चांगला, अधिक पिचचा लांबच्या प्रवासाला. म्हणून अखेरची चाचणी हवेतच होते : चढण्याचा दर, सपाट उड्डाणाचा वेग आणि त्या वेळचे फेरे.

आकड्यांसोबत दिवस, तापमान आणि ठिकाण लिहिणे का आवश्यक आहे, हे भोपाळच्याच उदाहरणावरून दाखविता येईल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश सेल्सिअस असताना येथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा साधारण १४ टक्के कमी असते. जानेवारीत सकाळी १० अंश तापमानाला हीच तूट ४-५ टक्क्यांवर येते. हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती घटते, पंख्याचा रेटा घटतो आणि पंखांची उचलही घटते. एकच विमान, एकच पंखा, एकच धावपट्टी. तरी जानेवारीत मोजलेला आकडा मे महिन्यात खरा ठरणार नाही.

४. दोन दावे आणि एक कसोटी

आता ही कसोटी इतिहासाला लावून पाहू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित यंत्र १५०० फूट उंच उडविले, ही कथा महाराष्ट्रात वारंवार सांगितली जाते. २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच वर्षी तळपदे यांच्या जीवनावर बेतलेला हिंदी चित्रपटही आला, तेव्हा या कथेला नवा उजाळा मिळाला. या कथेला आपला प्रश्न विचारावा : यंत्राचे वजन किती होते? त्याला पुढे ढकलणारे साधन कोणते? त्याचा रेटा किती भरला आणि तो कोणी मोजला? प्रचलित कथेत पाऱ्यावर चालणाऱ्या इंजिनाचा उल्लेख येतो. पण त्याची मापे, हिशेब वा चाचणी यांची नोंद येत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा संबंध या कथेशी जोडला जातो त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. यामुळे तळपदे यांच्या जिज्ञासेला कमीपणा येत नाही. परकीय सत्तेच्या काळात मुंबईतील एका कला-अध्यापकाने विमानाचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट आदराचीच आहे. परंतु ध्यास ही एक गोष्ट आणि उड्डाण ही दुसरी.

हीच कसोटी आपण आपल्या आवडत्या कथांनाही लावली पाहिजे, नाहीतर तिला कसोटी म्हणता येणार नाही. नवव्या शतकात अंदलुसमधील कुर्तुबा येथे अब्बास इब्न फिरनास यांनी अंगाला पंख बांधून उंचावरून झेप घेतली, असे आपण शाळा-महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांवर वाचतो. अनेकदा त्याखाली 'विमानाचा पहिला शोध' असेही लिहिलेले असते. या घटनेचा सविस्तर वृत्तान्त सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांच्याकडून येतो, म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांनंतर. मात्र त्यांनी इब्न फिरनास यांच्या काळातील एका कवीच्या काव्याचा आधार दिला आहे. पंख्याचा प्रश्न विचारला तर उत्तर स्पष्ट मिळते : तेथे इंजिन नव्हते, रेटा नव्हता, वृत्तान्त खरा मानला तरी ती तरंगत उतरण्याची झेप होती. तिला विमानाचा शोध म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण याच वृत्तान्तात एक मोलाची ओळ आहे. उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली आणि पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, असे तेथे नमूद आहे. यशाच्या कथेत अपयशाचे कारण जपले गेले. माझ्या मते भित्तिपत्रकावर लिहिण्याजोगी गोष्ट हीच आहे.

५. नोंदी असलेली परंपरा

मराठी माणसाला या क्षेत्रात अभिमान बाळगायचा असेल तर त्यासाठी नोंदी असलेली नावे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्याकडे संशोधन केले आणि मायदेशी परतल्यावर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात विमानांचे आराखडे केले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. १९५८ मध्ये ९० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालणारे दोन आसनांचे 'पुष्पक' आले आणि देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांनी त्यावर हात बसविला. नाव पुराणातले, पण पंखा आणि इंजिन मोजून घेतलेले, असे या विमानाविषयी म्हणता येईल. पुढे बंगळूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९८७ मध्ये, घरी बांधता येईल अशा एका अमेरिकन आराखड्यावर आधारलेले छोटे विमान उडविले. त्याच प्रयोगशाळेच्या 'हंसा' या दोन आसनी विमानाला २००० साली प्रमाणपत्र मिळाले.

घरगुती प्रयत्नाचे आपल्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवरून चाचण्या झाल्या. नोंदणी, परवानगी आणि चाचणी या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. नोंदणी म्हणजे विमानाला मिळालेली ओळख. परवानगी म्हणजे तपासून पाहण्याची मुभा. विमान कसे आहे हे ठरते ते चाचणीच्या आकड्यांवरून. लोकांमध्ये चर्चा झाली ती गच्चीची आणि नोंदणीच्या अक्षरांची. भावी इतिहासकाराला मात्र उपयोग होईल तो चाचणीच्या वहीचा.

६. अध्यापकांसाठी एक सूचना

हा विषय केवळ विज्ञान शाखेचा नाही. इतिहास, भाषा आणि भौतिकशास्त्र या तीन विभागांनी मिळून तो हाताळावा असे सुचवावेसे वाटते. खेळण्यातील ड्रोनची लहान मोटर व वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन प्लास्टिकचे पंखे बाजारात सहज मिळतात. मोटर एका जड ठोकळ्यावर घट्ट बसवून तो ठोकळा स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवावा. हवा वरच्या दिशेला फेकली जाईल असा पंखा लावला की रेटा काट्यावर खाली दाबतो आणि ग्रॅममध्ये वाचता येतो. डोळ्यांना चष्मा लावून, पंख्याच्या पातळीपासून दूर उभे राहून, पाच वेळा मोजावे आणि पाचही आकडे लिहावेत. जे जुळत नाहीत तेसुद्धा. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त मराठीत व उर्दूत लिहावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो वृत्तान्त दुसऱ्या गटाला देऊन, केवळ तेवढ्यावरून प्रयोग पुन्हा करता येतो का ते पाहावे. पुन्हा करता आला तर वृत्तान्त पुरेसा. न आला तर काय लिहावयाचे राहिले ते शोधावे.

समारोप

लहान विमानाचा पंखा निवडणे म्हणजे आपल्याजवळ जेवढी शक्ती आहे तेवढीच आहे, हे मान्य करून तिचा अधिकाधिक उपयोग करणे. १२ अश्वशक्तीचे दुबळे इंजिन घेऊन राइट बंधू उडाले, कारण ते किती दुबळे आहे हे त्यांना अचूक ठाऊक होते. ज्या समाजाला शिक्षणात पुढे जायचे आहे त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. पूर्वजांच्या झेपेचे गुणगान सोपे आहे. आपल्या आजच्या बळाचे मोजमाप अवघड आहे, कारण आकडा कधी मनासारखा येत नाही. विद्यार्थी जेव्हा एखादी गौरवकथा घेऊन आपल्याकडे येतील, तेव्हा त्यांचा उत्साह मोडू नये आणि ती कथा तशीच स्वीकारूही नये. रेटा किती होता, कोणी मोजला आणि कोठे लिहिला, एवढे तीन प्रश्न त्यांच्या हाती द्यावेत.